चौसष्ट की चौऱ्याण्णव

अजित,

आपलं भांडण मिटलं नाही, आणि आता मिटवायला समोर कोणी नाही. मी एकटाच दोन्ही बाजूंनी बोलतो. गाडी चालवताना बोलतो, कान्टीनच्या रांगेत ट्रे धरून बोलतो. परवा मागच्या माणसाने विचारलं, "मला काही म्हणालात का?" मी नाही म्हटलं. गेलेल्या मित्राशी वाद घालतोय, हे जर्मनमध्ये कसं सांगायचं ते सुचलं नाही. मराठीतही सुचलं नसतं.

इथल्या मराठी मंडळाच्या लोकांना तुझ्यावर लेख हवाय. जन्म कुठला, शिक्षण काय, इथे कधी आलास. ते मी दुसऱ्या कोणालातरी लिहायला सांगितलंय. मला फक्त तुझ्याशी बोलता येतं, आणि आपण बोलायला लागलो की पाच मिनिटांत इजिप्तला पोचतो, हे सगळ्या हेर्त्सोगेनआउराखला माहीत आहे.

लोकांना वाटायचं, तुला लहानपणापासून त्या फेरोंचा नाद असणार. तसं काही नव्हतं. तू साताऱ्याचा, बेअरिंगचा इंजिनिअर. तुझा इतिहास प्रतापगडापाशी सुरू व्हायचा आणि अजिंक्यताऱ्यापाशी संपायचा. हे सगळं सुरू झालं ते माझ्या जर्मनमुळे. "तुझं जर्मन सुधारत नाही, कारण ऑफिसात समोरचा काय बोलणार ते तुला आधीच माहीत असतं," तू म्हणालास. "ज्यातलं ओ की ठो कळत नाही असा विषय घे. मग शब्द न् शब्द ऐकावा लागेल." आणि मला न विचारता आपल्या दोघांची नावं गावातल्या प्रौढांच्या संध्याकाळच्या शाळेत घातलीस. विषय, प्राचीन इजिप्त. वर्गात आपण दोघं सोडून सगळे पेन्शनर. त्यांनी बसायला घरून उशा आणल्या होत्या.

शिकवायला फ्राउ एबरलाइन. लॅटिनच्या निवृत्त शिक्षिका, आणि बोली अस्सल इथली, फ्रँकेनची. इथली माणसं 'प'चा 'ब' करतात, हे तेव्हा आपल्या ध्यानात नव्हतं. पहिला तासभर त्या 'राजा बेबी'बद्दल बोलत राहिल्या. तू मला कोपर मारलंस. "देवा, राजाचं नाव बेबी?" देवदत्तचा मी तुझ्यापुरता देवा.

मी म्हटलं, "सहा वर्षांचा होता म्हणतायत ना. लाडाने म्हणत असतील."

मग त्यांनी फळ्यावर नाव लिहिलं. पेपी. दुसरा पेपी. तू इतका हसलास की पुढच्या आजींनी वळून बघितलं, आणि कारण कळल्यावर त्याही हसल्या. पुढे मात्र तू कधी त्याला पेपी म्हटलं नाहीस, घरात तो बेबीच राहिला. भांडताना तेवढा पेपी.

खरं तर त्या पत्राने तुला पकडलं. हरखुफ नावाचा एक सरदार दूर दक्षिणेकडच्या मुलखात जाऊन परत येत असतो. त्याने राजाला कळवलेलं असतं की सोबत बरंच काही आणतोय, आणि एक ठेंगणा नाचणारा माणूसही आहे. राजधानीत राजा आहे एवढासा. त्याला हस्तिदंत नको, धूप नको. तो उलट निरोप पाठवतो, की सगळं सोड आणि ताबडतोब ये. त्या नाचणाऱ्याला जिवंत, धडधाकट आण. नावेत त्याच्या दोन्ही बाजूंना भरवशाची माणसं उभी कर, पाण्यात पडेल. झोपला की भोवती माणसं झोपव, दहादा उठून बघ. बाकी सगळ्या नजराण्यांपेक्षा मला त्याला बघायचंय. हरखुफने ते पत्र जपलं आणि आपल्या थडग्याच्या भिंतीवर अख्खं कोरून घेतलं.

वर्गातून चालत घरी येताना तू म्हणालास, "चार हजार वर्षं झाली, तरी पोरगं कळतंय. 'पाण्यात पडेल तो.' हे राजाचं वाक्य नाही, देवा. हे आईचं. तिच्याकडून रोज ऐकलेलं हरखुफला ऐकवतोय."

ती आई आपल्याला पुढच्या आठवड्यात भेटली, एका पुतळ्याच्या फोटोत. पांढऱ्या दगडाची राणी, आणि तिच्या मांडीवर आडवा बसलेला राजा. अंग लहान मुलाएवढं, चेहरा मोठ्या माणसाचा, डोक्याला राजाचं वस्त्र. मुलगा लहान म्हणून कारभार आई बघायची, आणि आईचा भाऊ वजीर. "म्हणजे मामाने राज्य सांभाळलं," तू वर्गात म्हणालास, आणि मामा हे नातं काय असतं ते फ्राउ एबरलाइनना समजावून सांगायला उभा राहिलास. जर्मनमध्ये आईच्या भावाला आणि वडिलांच्या भावाला एकच शब्द. तुला तो अन्याय वाटला. मी त्या संध्याकाळी चिकार जर्मन शिकलो. तेवढं तुझं खरं ठरलं.

आणि मग आकडा आला.

फ्राउ एबरलाइन म्हणाल्या, इजिप्तच्याच एका पुजाऱ्याने पुढे कित्येक शतकांनी ग्रीक भाषेत इतिहास लिहिला. त्याच्या हिशेबाने पेपी सहाव्या वर्षी गादीवर बसला आणि शंभरी गाठून गेला. म्हणजे चौऱ्याण्णव वर्षं राज्य. पण त्याच्या काळचे शिलालेख ते म्हणत नाहीत. त्या काळी वर्षं मोजायची ती गुरांच्या मोजणीवर, आणि मोजणी साधारण एक वर्षाआड. त्याच्या नावावरची शेवटची मोजणी तिसाच्या थोडी पुढची सापडते. दुप्पट केली की साठीच्या जरा वर. त्यामुळे कोणी म्हणतं, साठाच्या जागी नव्वद वाचलं गेलं असेल, राज्य चौसष्टच वर्षं होतं.

"चौसष्ट," तू लगेच म्हणालास. "वाचायची चूक. आपल्याकडे ड्रॉइंग उलटं धरून सहाचा नऊ वाचला आणि अख्खा लॉट भंगारात गेला, विसरलास?"

तू चौसष्ट म्हणालास म्हणून मी चौऱ्याण्णव म्हटलं. एवढंच कारण होतं. त्या पुजाऱ्याचं नावही मला धड म्हणता येत नव्हतं.

मग ते कान्टीनमध्ये चाललं, तुझ्या घरी जेवताना चाललं, गणपतीत प्रसादाच्या रांगेत चाललं. मी एकटा राहणारा माणूस. शनिवार-रविवार तुझ्याच घरी असायचो. मेधा पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "तो मेला ना पण शेवटी? मग झालं." सानिका तेव्हा दहा-अकराची असेल. तू मराठीत विचारायचास, "सानू, सांग काकाला, किती?" आणि ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची, "फीरउंडझेख्त्सिश." चौसष्ट. बापाच्या बाजूने. तुझ्या घरात मला एकही मत कधी मिळालं नाही.

त्या दिवसांत मी सुखी होतो, अजित. हे तुला कधी सांगितलं नाही. असं कोणी कोणाला सांगत नाही.

पुढच्या हिवाळ्यात मायक्रोमीटर फिरवायला तुझी बोटं साथ देईनात. तू थंडीवर ढकललंस. मग जॅकेटची चेन लावता येईना. मग एर्लांगेनच्या दवाखान्यात तपासण्या सुरू झाल्या. मी आणि मेधा बाहेर बसलेलो असताना परिचारिकेने मला विचारलं, तुम्ही नातेवाईक का? मी म्हटलं, मित्र. जर्मनमध्ये मित्राला आणि जोडीदाराला एकच शब्द. ती माझ्याकडे बघून समजुतीने हसली, आणि मग मेधा म्हणाली, "मी बायको," तेव्हा तिचा गोंधळ झाला. तुला बाहेर आल्यावर हे सांगितलं तर तू पार्किंगपर्यंत हसत होतास. गाडीत बसल्यावर मेधाने मला आजाराचं नाव सांगितलं. तीन अक्षरं, एएलएस. मेंदूकडून स्नायूंना जाणारे निरोप एकेक करून बंद पडतात. डोकं शाबूत राहतं.

आपण दोघांनी आयुष्यभर एकच काम केलं. बेअरिंग निकामी झालं की ते का झालं ते सांगायचं. तेल कमी पडलं, धूळ गेली, बसवताना वाकडं बसलं. कारण असतंच. तुझ्या बाबतीत डॉक्टर म्हणाले, कारण माहीत नाही. मला ते वाक्य गिळताच येईना. मी तुझ्यासाठी वस्तू करायला लागलो. चमच्याला जाड मूठ करून आणली, तोपर्यंत चमचा धरायचा प्रश्नच संपला होता. खुर्चीला हाताचा आधार केला, तोपर्यंत मान धरेना. मानेचं काही करेपर्यंत घास अडकायला लागला. तो आजार कायम माझ्या एक घर पुढे होता. तू प्रत्येक वस्तू नीट बघायचास, जोड तपासायचास, म्हणायचास, "फिनिशिंग चांगलं केलंयस." माझ्या समाधानासाठी. हे मला तेव्हाही कळत होतं.

एकदा मेधा आणि फ्लेगेडीन्स्टची बाई, म्हणजे रोज सकाळी घरी येणारी नर्स, तुला पलंगावरून खुर्चीत बसवत होत्या. मेधाने तुला कवेत घेतलं होतं आणि तू क्षणभर तिच्या मांडीवर आडवा बसल्यासारखा होतास. तू माझ्याकडे बघून म्हणालास, "देवा. तो पुतळा." मेधाला कळलं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला.

त्या उन्हाळ्यातली दुपार मी विसरणार नाही. तुझी खुर्ची ढकलत आपण आउराखच्या काठाने गेलो. नदी म्हणायचं, पण आहे ओढ्याएवढीच. कुरणात करकोचा हिंडत होता. तुझी जीभ तेव्हाच जड झाली होती, शब्द सुटे सुटे यायचे.

"गळ्यात नळी नको, म्हणून सांगितलंय मी डॉक्टरांना."

"म्हणजे?"

"श्वास थांबत आला, की मशीन लावायचं नाही. झोपेचं औषध देतील. गुदमरू देणार नाही म्हणालेत."

"मेधाला माहीत आहे?"

"तिच्यासमोरच सांगितलं."

मी खुर्चीचा ब्रेक लावला आणि तुझ्यासमोर येऊन उभा राहिलो. "अरे, लोक वर्षानुवर्षं काढतात त्या मशीनवर. वाचतात, डोळ्यांनी टाइप करतात, मुलांची लग्नं बघतात. इथे घरी चोवीस तास नर्स देतात. आपण काही गावाकडे नाही, की सोयच नाही म्हणून गप्प बसावं."

"गेनाऊ, अगदी बरोबर," तू म्हणालास. "इथे सगळी सोय आहे." मग बराच वेळ श्वास गोळा केलास. "पेपी चौसष्ट."

"विषय बदलू नकोस."

"तोच विषय आहे. चौऱ्याण्णव धर. शेवटची तीस वर्षं तो कुठे होता? एक लेख दाखव. एक मोहीम दाखव. प्रांतांचे सुभेदार आपापल्या गावचे राजे झाले. थडगीसुद्धा आपापल्या गावात बांधायला लागले, राजापाशी नको. बायका गेल्या. वारस गेले. मामा केव्हाच गेला. आणि हा बसलाय. कपडे दुसरं कोणी घालतंय, घास दुसरं कोणी भरवतंय. लोक येऊन वाकतात आणि एकमेकांकडे बघतात. ते राज्य नाही. नुसती मोजणी."

एवढं बोलायला तुला किती वेळ लागला. मग म्हटलं, "असू दे नुसती मोजणी. कोणाला तरी तो बसलेला हवा असेल."

"कोणाला?"

मला 'मला' म्हणता आलं नाही. मी म्हटलं, "सानिकाला."

"तिला विचारलंय मी."

ती काय म्हणाली, ते तू सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही. मी ओरडलो तेवढं आठवतं. कुत्र्याला फिरवणारी एक बाई थांबून बघायला लागली. मी मराठीत ओरडत होतो, तिला काय कळणार. खुर्चीतल्या माणसावर धडधाकट माणूस ओरडतोय, एवढंच कळलं असेल. तिने तुला जर्मनमध्ये विचारलं, सगळं ठीक आहे ना? तू म्हणालास, "हो, हो. मित्र आहे." आणि मला म्हणालास, "चल, ऊन लागतंय तुला." ऊन मला लागत होतं म्हणे.

पुढे बोलणं गेलं, आणि क्रांकेनकासेने, म्हणजे विम्याने, ते यंत्र दिलं. पडद्यावर एकेका अक्षराकडे बघायचं, शब्द जुळतो, मग यंत्र बोलतं. तू मराठी लिहायचास रोमन अक्षरांत, आणि यंत्र ते जर्मन समजून वाचायचं. 'देवा'चं 'डेफा' व्हायचं. 'जेवलास का'चं 'येफलास का'. 'झोप'चं 'त्सोप'. पहिल्या दिवशी आपण तिघं रडेपर्यंत हसलो. तुझं हसणं आता नुसतं डोळ्यांत होतं. मग हळूहळू सवय झाली. कोणा जर्मन बाईच्या शांत आवाजात, मोडक्या मराठीत, माझा मित्र मला 'येफलास का' विचारत होता आणि मी "हो, जेवलो," म्हणत होतो. त्या आवाजात तुझा राग नाही, चेष्टा नाही, सातारी हेल नाही. तरी तो तूच होतास, हे एवढं निखालस कळायचं की मी कधी यंत्राकडे बघितलं नाही, तुझ्याकडेच बघून उत्तर दिलं.

गळ्यातून मात्र एक शब्द शेवटपर्यंत कसाबसा निघायचा. देवा. तू कण्हताना तो म्हणायचास आणि मी धावत यायचो. मेधा म्हणायची, "तुम्हाला नाही हो, वरच्याला हाक मारतोय." असेल. तो येत नव्हता, म्हणून मी यायचो. येऊन काय करणार होतो? उशी सरकवायचो. घाम पुसायचो. 'अजून काही हवंय का' असं विचारायचो, आणि तू डोळे मिटून 'नाही' म्हणायचास.

नळीचा विषय मी पुन्हा काढला. एकदा नाही, अनेकदा. सरळ काढायची हिंमत नव्हती, म्हणून आकड्यातून काढायचो. "फ्राउ एबरलाइन भेटल्या होत्या. त्या म्हणाल्या, चौऱ्याण्णव अगदीच अशक्य नाही." त्या असं म्हणाल्याही होत्या, कारण मी त्यांना तेच पुन्हा पुन्हा विचारत होतो. मागच्या वेळी त्या माझा हात धरून म्हणाल्या, "आल्झो, हे बघा, हेर देवदत्त, पुरावा जेवढा आहे तेवढाच आहे. माझ्या हातात असतं तर मी तुम्हाला दिली असती ती तीस वर्षं." तुला हे मी जसंच्या तसं सांगितलं.

आपली शेवटची दुपार. म्हणजे ती शेवटची, हे मागाहून कळलं. मेधा औषधांच्या दुकानात गेली होती, सानिका शाळेत. तुझे डोळे पडद्यावर लागले. मी वाट बघत राहिलो. एकेक अक्षर उमटायला फार वेळ लागत होता, मधेच नजर घसरायची, परत मागे. नऊ. चार. मग मराठी शब्द, रोमन अक्षरांत. 'असेल तर'. यंत्र बोललं, "फीरउंडनॉइन्त्सिश, आझेल टार." चौऱ्याण्णव असेल तर.

मी म्हटलं, "तर काय?"

तुझे डोळे मिटले होते. झोप लागली होती. मी उठवलं नाही. वाटलं, उद्या विचारू. दुसऱ्या दिवशी नजर एका जागी ठरेना, यंत्राला ती सापडेना. त्यानंतर तू काही लिहिलं नाहीस.

चौऱ्याण्णव असेल तर काय, अजित? तू हार मानत होतास? की चौऱ्याण्णव असेल तर त्याची कीव येते, असं म्हणायचं होतं? की, असेल तर त्याच्याजवळ शेवटपर्यंत कोणीतरी बसलेलं असणार? मी यातलं रोज एक धरतो आणि सोडतो. मेधाला सांगितलं. ती म्हणाली, "भाऊजी, तो तुम्हाला चिडवत असेल. शेवटपर्यंत तेच केलं त्याने." हे मला सगळ्यात आवडलं. पण खरं कोणतं ते तिलाही माहीत नाही.

तू सकाळी गेलास. मेधाचा फोन आला, "या." तसाच निघालो. मी आलो तेव्हा खिडकी उघडी होती; नर्सने उघडली होती, जिवाला वाट म्हणून, इथे तशी पद्धत आहे. श्वासाला आधार म्हणून लावायचे तो तुझ्या चेहऱ्यावरचा मास्क काढलेला होता. त्याचे वळ नाकाच्या दोन्ही बाजूंना होते. डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं, गुदमरला नाहीस. एवढ्यासाठी मी त्या माणसांचा जन्मभर ऋणी राहीन, आणि तरीही त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

साताऱ्यात असतास तर दुपारपर्यंत सगळं झालं असतं. गल्ली गोळा झाली असती, कोणी बांबू आणले असते, कोणी मडकं. इथे बेश्टाटर आला. अंत्यविधीचं सगळं तोच बघतो. काळा सूट, मऊ आवाज. त्याने टेर्मीन, म्हणजे तारीख, दिली ती पुढच्या आठवड्यातली. तुला घेऊन गेला आणि आम्ही तिघं रिकाम्या पलंगाशेजारी बसलो. आठवडाभर तू कुठल्यातरी थंड खोलीत होतास आणि आम्ही जेवत होतो, झोपत होतो, दूध आणत होतो. मेधा म्हणाली, "हे काय चाललंय, काही कळत नाही मला." मलाही नाही कळलं.

अस्थींचं तू हसण्यावारी नेलं होतंस. "आउराखमध्ये सोडा, करकोच्यांना सोबत होईल." इथे नदीत राख सोडता येत नाही, घरी ठेवताही येत नाही. मेधा आणि सानिका कलश घेऊन साताऱ्याला, माहुलीच्या संगमावर जाणार आहेत, कागद तयार झाले की. बेबीच्याच काळातली ती दुसरी गोष्ट तूच सांगितली होतीस. एका सरदाराचा मुलगा, बाप दक्षिणेला परमुलखात मेला म्हणून गाढवं लादून निघतो आणि त्याचा देह घरी घेऊन येतो. राजा खूश होऊन तेलं आणि वस्त्रं पाठवतो. आमच्याकडे राजा नाही, कॉन्सुलेट आहे. पण तुझी मुलगी जातेय, एवढं खरं.

स्मशानाच्या हॉलमध्ये तुझे ऑफिसातले सगळे आले होते, इस्त्रीचे काळे कपडे घालून. ते रडत नव्हते, त्यामुळे आम्हालाही रडता येईना. फ्राउ एबरलाइन मागच्या रांगेत होत्या. सानिका चार वाक्यं बोलली, जर्मनमध्ये. मेधाने शेवटी तुळशीचं पान ठेवलं. कुंडीतली तुळस थंडीने अर्धी वाळली होती, त्यातलं हिरवं शोधून आणलं होतं. मग चार माणसं चाकांची गाडी घेऊन आली आणि तुझी पेटी त्यावर ठेवायला लागली. बाहेर मोठी गाडी उभी होती, न्युर्नबर्गच्या दाहिनीकडे न्यायला. तिथे आम्ही जायचं नव्हतं.

मी पुढे होऊन बेश्टाटरला म्हटलं, "आमच्याकडे मित्र खांद्यावर नेतात."

तो म्हणाला, पेटी जड आहे, फरशी ओली आहे, कोणी पडलं तर जबाबदारी त्याची.

"गाडीपर्यंतच," मी म्हटलं. माझं जर्मन तेवढ्यावरच संपलं. इतकी वर्षं शिकून पुढचा एक शब्द आठवेना. मी नुसता उभा राहिलो.

त्याने माझ्याकडे बघितलं, मग मेधाकडे. मग आपल्या माणसांना हाताने बाजूला व्हायला सांगितलं, दोघांना मात्र पेटीच्या मागच्या बाजूला राहू दिलं. मेधा आली. ऑफिसातला तो उंच टोबियास न विचारता आला. सानिका मला ओलांडून पुढे गेली. "इश गे फोर्न," म्हणाली. मी पुढे राहते. मी तिच्या शेजारी. उंची जुळेना म्हणून खांद्यावर घेता आलं नाही; कड्यांना धरून, कमरेपाशीच. ओल्या फरशीवर पाय जपून टाकत होतो. सानिका खालच्या आवाजात म्हणत होती, "लांगझाम, काका, लांगझाम." हळू. तुझं असं काही वजन लागलंच नाही, अजित. जे लागलं ते लाकडाचं.

गाडीत ठेवलं. मागचं दार बंद झालं. गाडी फाटकातून बाहेर पडली आणि कोपऱ्यावरच्या सिग्नलला थांबली, कारण दिवा लाल होता. उजव्या बाजूचा इंडिकेटर लुकलुकत होता. रस्त्यावर दुसरं एकही वाहन नव्हतं, तरी ती थांबून राहिली. आम्ही फाटकात उभे होतो, मधे पन्नासेक पावलं असतील, आणि कोणालाच हात कुठे ठेवायचे ते कळत नव्हतं. मेधाने माझी बाही धरली. काचेतून पेटीवरची फुलं दिसत होती. या देशात इतकी वर्षं लाल दिव्यावर चरफडलो. त्या दिवशी मनात म्हटलं, राहू दे अजून जरा. तो तेवढाच राहिला, जेवढा रोज राहतो. मग हिरवा झाला.